राज्याची शीव आणि पिकाची शीव

महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथें चार कृषि विद्यापीठें आहेत. त्यांचे शास्त्रज्ञ प्रतिवर्षीं संयुक्त बैठकींत एकत्र बसून संशोधन तपासतात व मगच शेतकऱ्यांकरितां शिफारशी ठरवितात. ही प्रथा स्तुत्य आहे. परंतु धारवाड, रायचूर, हैदराबाद व जबलपूर येथील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनाही या बैठकींत नियमानें आसन असावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यामुळें हद्दीच्या दगडाचें महत्त्व तो जाणतो. सारा कोणीं वसूल करावा व दाखला कोणीं द्यावा, हें ठरविण्यास हद्द पाहिजेच. परंतु जमिनीला, पावसाला व किडीला सरकारी नकाशा वाचतां येत नाहीं. मंगळवेढें व जत तालुक्यांतील काळी जमीन शिवेपलीकडे विजयपूर जिल्ह्यांतही तशीच पसरली आहे. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी दोन्हीकडील रयतेनें आपलीच मानली.

दुसरीं उदाहरणें पाहा. जबलपूरच्या विद्यापीठांत निपजलेला जे. एस. ३३५ हा सोयाबीनचा वाण विदर्भ-मराठवाड्यांत वर्षानुवर्षें पेरला गेला. को ८६०३२ हा ऊस मूळचा कोइमतूरचा. पाडेगांवच्या केंद्रानें त्याच्या चांचण्या घेऊन १९९६ सालीं महाराष्ट्रांत त्याची शिफारस केली. परराज्यांतील म्हणून तो नाकारला असता, तर नुकसान आपलेंच होतें.

लाभाप्रमाणें संकटही शीव ओलांडतें. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत शिवमोगा भागांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत आली. अशा वेळीं पलीकडील इशारा अलीकडील शेतकऱ्यास तत्काळ मिळाला पाहिजे. अळी पोंग्यांत शिरल्यावर मिळालेला सल्ला म्हणजे वरातीमागून घोडें.

यावर कोणी म्हणतील कीं, अखिल भारतीय समन्वित प्रकल्प असतांना ही नवी खटपट कशाला? त्या प्रकल्पांची थोरवी आम्ही मान्य करितों. परंतु त्यांची दृष्टि साऱ्या देशावर असते. शिवेवरील दोन तालुक्यांचें दुखणें तेथें सहज मागें पडतें. दुसरा आक्षेप पैशाचा. आपल्या राज्याचा पैसा परक्या रयतेसाठीं कां खर्चावा, असें विचारणाऱ्यांनीं जबलपूरच्या सोयाबीनचें स्मरण करावें. तो हिशेब मांडूं गेल्यास देणें आपल्याकडेच निघेल.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, सोलापूर व विजयपूर येथील संशोधन केंद्रांनीं रब्बी ज्वारीच्या चांचण्या एकाच पद्धतीनें घेऊन फलितें एकत्र छापावींत. दुसरी, किडीचा इशारा मराठी व कानडी या दोन्ही भाषांत एकाच दिवशीं निघावा. तिसरी, शिवेवरील शेतकऱ्यांस दोन्ही विद्यापीठांचीं शिवारफेरी व बियाणें विक्री सारखीच खुली असावी.

यांपैकीं कशासही नवी इमारत लागत नाहीं. लागते ती इच्छा, आणि एकाच कामाचें श्रेय वांटून घेण्याचें औदार्य. विद्यापीठें आपण होऊन हालतील अशी वाट पाहत बसूं नये. प्रत्येक तालुका शाखेनें या तीन सूचनांचा ठराव करून आपल्या भागांतील विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे पाठवावा, अशी सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.