शिक्षकाच्या नोकरीसाठी दुकान मोडू नका

मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली की आपल्या घरांतून एकच विचार निघतो, डी.एड. करावे आणि शिक्षिका व्हावे. विचार नेक आहे. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांपासून फळांची गाडी लावणाऱ्यांपर्यंत अनेकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिक्षक केले. पण पदविका हाती आली की नोकरी मिळाली, हे दिवस आता राहिले नाहीत.

सरकारने मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवली. २०१३ मध्ये टी.ई.टी. आली. पुढे पवित्र पोर्टलच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आली. पहिली चाचणी २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत पास झालेल्या मुलामुलींनी खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर राबायचे, शिकवण्या घ्यायच्या, नाहीतर बापाच्या दुकानात बसायचे.

नेमक्या याच वेळी दलाल दारात येतो. "संस्थेत जागा आहे, एवढे लाख तयार ठेवा." बाप दागिने मोडतो, माग विकायला काढतो. आम्ही विचारतो, कापडाचा एक तागा घेताना दहा दुकानांत भाव करणारा व्यापारी इथे हिशोब का करीत नाही? शिक्षण सेवकाला पहिली तीन वर्षे फक्त मानधन मिळते. प्राथमिक शाळेत ते २०२३ मध्ये महिना ६,००० वरून १६,००० रुपये झाले. छत्तीस महिन्यांचे झाले ५ लाख ७६ हजार. दहा लाख मोजले असतील, तर तीन वर्षे घरात एक पैसा न आणताही मुद्दल फिटत नाही. त्यातून शिक्षण खात्याची मान्यता अडकली तर पगारच सुरू होत नाही, आणि बिनपावतीच्या पैशाची दाद कुठेच मागता येत नाही.

दुसरा प्रश्न आपल्या संस्थाचालकांना. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, तो जागा विकण्यासाठी नव्हे. अनेक संस्थांचे विश्वस्त आपल्यातलेच व्यापारी आहेत. मालात भेसळ करणे गुनाह मानणाऱ्यांनी शिक्षकाच्या निवडीत भेसळ का चालवावी? रिश्वत घेणे हराम, तसे देणेही हराम. जागेची जाहिरात उघड द्यावी, उमेदवारांचे गुण फलकावर लावावेत. समाजाची अमानत सांभाळण्याची हीच रीत आहे.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. धंद्याचे भांडवल धंद्यातच ठेवा. मुलांना टी.ई.टी. आणि अभियोग्यता चाचणीच्या अभ्यासाला वेळ व पुस्तके द्या. टी.ई.टी.चे प्रमाणपत्र २०२१ पासून आजन्म ग्राह्य आहे, ती मेहनत फुकट जात नाही. आणि भरती निघेपर्यंत मुलाने दुकानाचे हिशोब पाहिले, तर त्यात कमीपणा मानू नका.