नेम कोणावर होता, ते आधी सांगा!

कॉटन ग्रीनहून बोरीबंदरच्या दिशेने निघालेली हार्बरची गाडी रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड ओलांडून चौथ्या स्थानकावर थांबते. त्याचे नाव मशीद. हे नाव ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात, हे तेथून रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? कोकणातले बेने इस्रायली आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. कंपनी सरकारच्या फौजेतील समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले आणि त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतले हे पहिले ज्यू प्रार्थनामंदिर उभारले, अशी हकीकत त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणाने ज्यांना 'शनिवार तेली' म्हटले, दिवेकर, पेणकर, किहीमकर, राजपूरकर अशी ज्यांनी गावांवरून आडनावे घेतली, त्या समाजाला येथील हिंदू शेजाऱ्याने ज्यू म्हणून कधी छळले नाही. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले ते पितृभूमीच्या ओढीने, कोणाच्या भीतीने नव्हे. लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे त्यांची घरे झाली. जाताना त्यांनी मराठी बरोबर नेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघू लागले आणि महाराष्ट्र दिनही तेथे साजरा होतो.

मे २०२१ मध्ये रॉकेटे आली ती या मुलुखावर. १० ते २१ मे या अकरा दिवसांत हमास आणि इस्लामिक जिहाद यांनी गाझातून चार हजारांहून अधिक रॉकेटे सोडली. निमित्त जेरुसलेमचे होते : शेख जर्राहमधील घरांचा वाद आणि अल-अक्साच्या आवारातील पोलिसी कारवाई. वाद खरा होता, इस्रायलच्या न्यायालयात तो चालूही होता. पण जेरुसलेममधील घरांच्या दाव्याचा आणि अश्कलोनमध्ये एका वृद्धेची शुश्रूषा करणाऱ्या केरळच्या भगिनीचा संबंध काय? ११ मे रोजी ती रॉकेटने ठार झाली. लोदजवळच्या वस्तीत रॉकेटने एका अरब पित्याचा आणि त्याच्या मुलीचा बळी घेतला. लोद शहरात तर शेजाऱ्यांतच दंगल पेटली. तीत ज्यूही मेला, अरबही मेला आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली.

त्या दिवसांत आपल्याकडील पुरोगामी लेखण्यांनी एकच त्रैराशिक मांडले : तिकडे अडीचशे, इकडे तेरा, म्हणून अन्यायी कोण, ते उघड आहे! गाझात साठाहून अधिक बालके मेली. त्यांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने पुसले जाणार नाही, आणि ज्याला ते जाणवत नाही त्याने न्यायाची भाषा करू नये. परंतु इकडे तेराच का मेले? नेम धरणाऱ्याने दया दाखवली म्हणून नव्हे. आखाती युद्धातील स्कडचा अनुभव घेतल्यावर इस्रायलने नव्या घरात सुरक्षित खोली सक्तीची केली, पुढे २०११ पासून 'आयर्न डोम' उभी केली. हमासनेही जमिनीखाली मैलोन्‌मैल भुयारे खणली; मात्र ती लढवय्यांसाठी आणि शस्त्रांसाठी. सामान्य गाझावासीयाला सायरन नाही, तळघर नाही. ज्या राज्याने आपली माणसे वाचवली तेच गुन्हेगार ठरावे, हा कोणता हिशेब?

मुंबईकराला तरी हा हिशेब पटू नये. या शहरात ज्यूंना ज्यू म्हणून वेचून मारण्यात आले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये. मारेकरी कराचीहून समुद्रमार्गे आले होते. त्याच रात्री कॉटन ग्रीनच्या पलीकडे, माझगावात टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब फुटला. दहापैकी नऊ हल्लेखोर मेले, दहावा फासावर गेला. हल्लेखोर दहा आणि बळी दीडशेहून अधिक, यावरून कोणी न्याय-अन्याय ठरवला नाही. नेम कोणावर होता, हाच प्रश्न तेव्हा पुरेसा होता.

२७ मे २०२१ रोजी राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेत चौकशी आयोगाचा ठराव आला. चोवीस मते बाजूने, नऊ विरोधात, चौदा तटस्थ. भारत तटस्थ राहिला. पॅलेस्टाईनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी नाराजीचे पत्र धाडले आणि येथे 'गांधी-नेहरूंचा वारसा बुडाला' अशी ओरड झाली. वस्तुतः त्याआधी अकराच दिवस भारताने सुरक्षा परिषदेत गाझातील रॉकेटमाऱ्याचा निषेध केला होता आणि त्याच भाषणात पॅलेस्टाईनच्या न्याय्य मागणीला व दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबाही दिला होता. ज्या ठरावासाठी एवढे अश्रू ढाळले गेले, त्यात हमासचे नावसुद्धा नव्हते.

हे नाव न घेण्याची किंमत पुढे कोणी मोजली? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने कुंपण फोडून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाची हजारो घरे जमीनदोस्त झाली आणि मृतांचा आकडा हजारोंच्या घरात गेला. भुयारे तेवढी आधीपासून तयार होती.