मासा दिसला म्हणजे मिळाला काय?

छत्तीसगडी बोलीत गळाने मासे धरण्याला ‘गरी खेलना’ असे म्हणतात. गरी म्हणजे गळ. मराठीत आपण गळ टाकतो. रायपूरच्या आसपासचा मनुष्य तो खेळतो. या एका क्रियापदात या छंदाचे सारे मर्म आले आहे, आणि पुढील विवेचनात वाचकांनी ते ध्यानात ठेवावे अशी विनंती आहे.

प्रतिध्वनीविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करीत असता ‘फिश फाइंडर’ या शब्दापाशी माझे घोडे अडले. ‘मत्स्यशोधक’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो योग्य आहे काय? त्याच सुमारास रायपुरातील एका सेवानिवृत्त स्नेह्यांनी मला विचारले, “साठविलेल्या पैशांतून असे एक प्रगत यंत्र घ्यावे म्हणतो, घेऊ काय?” शब्दाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न, दोन्हींचे उत्तर एकच आहे असे मला पुढे आढळून आले.

प्रथम यंत्राचे तत्त्व पाहू. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. १८२६ साली जिनीव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आणि त्याच क्षणी दारू पेटवून हा वेग मोजण्यात आला. तो सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर भरला. यंत्र पाण्यात ध्वनीचा एक अतिसूक्ष्म ठोका सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा वेळ मोजते. तळ १५ मीटर खोल असेल तर जाऊन येऊन ३० मीटरांचा हा प्रवास सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात पुरा होतो. वाटेत मासा आला तर त्याचाही प्रतिध्वनी उमटतो. तो मुख्यतः माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. पाणी आणि हवा यांच्या घनतेत फार मोठे अंतर असल्याने ध्वनी त्या पिशवीवरून जोराने परततो. या तत्त्वावर पहिले व्यवहारोपयोगी यंत्र जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली सिद्ध केले, आणि समुद्रावरील मासेमारीचे रूपच पालटले.

आता पडद्यावरील चित्राचा अर्थ पाहू. ध्वनीचा झोत उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा खाली पसरत जातो. वीस अंशांच्या झोताचा विचार केला, तर तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. वीस मीटर खोल पाण्यात हे वर्तुळ सात मीटरांचे होईल; तीन मीटर खोल तळ्यात मात्र अवघ्या एका मीटरचे! मासा या झोतातून आडवा जाताना प्रथम थोडा दूर, मग जवळ, मग पुन्हा दूर असतो. म्हणून पडद्यावर कमान उमटते. कमान लांब म्हणजे मासा मोठा, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नव्हे. लांबी ही मासा झोतात किती वेळ राहिला हे सांगते. होडीखाली स्वस्थ उभा असलेला लहानसा मासाही लांबलचक रेघ ओढतो. शिवाय चिखलालगत राहणाऱ्या मांगूर-सिंगीसारख्या माशांचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो, आणि ते दिसतच नाहीत.

तेव्हा यंत्र मासा शोधीत नाही. ते प्रतिध्वनी दाखविते. मासा मोठा की लहान, रोहू की कटला, भुकेला की तृप्त, हे ठरविणारा माणूसच असतो. आपल्याकडे म्हणतात, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. पडद्यावरचा मासा हा असाच पाण्यातला आहे.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. धमतरीजवळ महानदीवरील गंगरेल धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात होडीने जाणाऱ्याला साधे खोलीमापक यंत्र फार उपकारक ठरते. बुडालेला उंचवटा कोठे आहे, जुना नदीचा मार्ग कोठून जातो, हे त्यावरून कळते. होडी आपटण्याचा धोकाही टळतो. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे थंड राहते, आणि खालच्या थरात प्राणवायू कमी पडल्यास मासे वरच्या थरात राहतात. तापमान दाखविणारे यंत्र अशा वेळी वरचे पाणी किती तापले आहे हे सांगते. एवढे ज्ञान साध्या यंत्राने मिळते.

प्रश्न उरतो तो लाखांच्या घरात किंमत जाणाऱ्या यंत्रांचा. २०१८ पासून बाजारात आलेली काही यंत्रे होडीच्या पुढील पाण्याचे हलते चित्र दाखवितात. मासा आमिषाकडे वळला की पाठ फिरवून गेला, हेही दिसते. अमेरिकेतील काही गळ-स्पर्धांत अशा यंत्रांच्या वापरावर मर्यादा घालण्यात आल्या आहेत, यावरून त्यांचे सामर्थ्य कळून येईल. परंतु हे सामर्थ्य कोणासाठी? समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला मासा शोधण्यात जाणारा प्रत्येक तास डिझेलच्या रूपाने भरावा लागतो. म्हणूनच हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने मासे मिळण्याजोगी क्षेत्रे शोधून किनाऱ्यावरील कोळ्यांना कळविते, आणि ते योग्यच आहे. गळ खेळणाऱ्याचे गणित याच्या नेमके उलट आहे. शोधण्यात जाणारा वेळ हा त्याचा खर्च नव्हे. तीच त्याची मिळकत होय. पाण्यावरचे बुडबुडे, वाऱ्याची दिशा, शेवाळाची कड, बगळ्याची बैठक यांवरून पाण्याखालचे अनुमान बांधणे, हे निरीक्षणशास्त्राचे उत्तम शिक्षण आहे. ते विकून उत्तर विकत घेणे मला तोट्याचा व्यवहार वाटतो.

दुसरी बाजू माशांची. पाणी सर्वांचे आहे. त्यावर जाळे टाकून पोट भरणारी केवट-धीवर कुटुंबेही आहेत. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून छत्तीसगडात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांत व त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते. शोधण्याची शक्ती वाढते तेव्हा आवरण्याची शक्तीही वाढावी लागते. मासा दडून बसू शकतो, एवढेच त्याचे संरक्षण असते. छंदासाठी तेही काढून घेण्यापूर्वी आपण थांबून विचार करावयास नको काय?

स्नेह्यांना मी सांगितले, “तळ्याच्या काठी बसावयाचे असेल तर काहीच घेऊ नका. गंगरेलला होडीने जावयाचे असेल तर खोली व तापमान दाखविणारे साधे यंत्र घ्या. उरलेल्या पैशांतून नातवाला बरोबर न्या.” त्यांनी काय घेतले ते मी विचारले नाही. मात्र पुढे एका सकाळी ते आणि त्यांचा नातू तळ्याच्या पायरीवर गळ सोडून बसलेले दिसले. मुलगा विचारीत होता, “आजोबा, बुडबुडे आले, म्हणजे मासा आहे का?” आजोबा म्हणाले, “असेल, थांबून पाहू.”

अनुवादात मी ‘मत्स्यशोधक’ हा शब्द खोडला आणि ‘प्रतिध्वनिदर्शक’ असा लिहिला. शोधक हे नाव त्या मुलासाठी राखून ठेवणे मला अधिक न्याय्य वाटले.