जिताड्याची मादी आणि मार्चअखेर

चेन्नईत नुंगंबाक्कममध्ये हॅडोज मार्गावर, शास्त्री भवनाच्या पुरवणी इमारतीत, तटीय जलकृषी प्राधिकरणाचे दप्तर पुष्कळ वर्षे होते. 2005 च्या कायद्यान्वये देशातील किनारी मत्स्यशेतीच्या नोंदण्या जिथे होत, त्या इमारतीवरून जाताना मजसारख्या रायगडकरास खारेपाटातील घरामागचे तळे आणि त्यात पोसलेला जिताडा हटकून आठवे. इकडे त्यालाच कोडुवा म्हणतात.

माशाची नर-मादी वेळीच ओळखणे हा मत्स्यशेतीत केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते, त्या काळात जवळजवळ उपाशी राहते, आणि तळे पिलांनी भरून साऱ्यांचीच वाढ खुंटते. सबब नरच हवेत, म्हणून पिलांच्या खाद्यात पहिले तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळण्याचा प्रघात अनेक देशांत पडला. जिताडा मात्र या हिशेबात बसत नाही. तो बहुधा नर म्हणूनच वयात येतो, आणि पुढे काही वर्षांनी, चांगला वजनदार झाल्यावर, त्यांतील काही मादी होतात. (पेणच्या बाजारात त्याचा भाव विचारणाऱ्याला या स्थित्यंतराशी कर्तव्य नसते.) तेव्हा बोटभर पिलू हातात घेऊन ‘उद्याची मादी हीच’ असे जाणत्या कोळ्यालाही छातीठोकपणे सांगता यायचे नाही.

चेन्नईच्या दक्षिणेस मुट्टुकाडू येथे केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधले. अशा कामात गुंगी दिलेला भलामोठा मासा आडवा धरून, बारीक लवचिक नळी अंडाशयात सरकवून, चार दाणे ओढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात, दाणा 0.4 मिलिमीटरच्या वर भरला, तरच मादी प्रजननास सिद्ध. नराचे पोट हलकेच दाबले की पांढरा द्रव येतो, एवढीच त्याची ओळख. स्त्रीसंप्रेरक देऊन मादी लवकर घडवण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण खाणाऱ्याच्या मनात किंतु उत्पन्न करणारा तो मार्ग मला राजमार्ग वाटत नाही.

खरी अडचण तळ्यात नसून खजिन्यात आहे. मासा वर्षानुवर्षे पोसावा तेव्हा मादी हाती लागते, आणि सरकारी तजवीज मात्र मार्चअखेर संपते. मधल्या एका वर्षी खाद्याचे पैसे अडले, तर साऱ्या प्रतीक्षेवर पाणी पडते. खारेपाटासाठी जिताड्याच्या बीजकेंद्राची दरखास्त मंत्रालयात येईल, तेव्हा तिच्यात पैदाशीच्या माशांसाठी किमान दहा वर्षांची सलग तरतूद नसल्यास ती मंजूर न करता परत पाठवावी.