चिठ्ठी आणि चौकशी

औषधांच्या दुकानात मी पूर्वी नेहमी शेवटी उभा राहत असे. पुढच्या गिऱ्हाइकांची खोकल्याची औषधे, मलमे, बाळांच्या दुधाचे डबे बांधून होईपर्यंत भिंतीवरच्या जाहिराती वाचत थांबायचे आणि काउंटर रिकामे झाले की पाकिटातली चिठ्ठी हळूच पुढे सरकवायची. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. तो चिठ्ठी वाचून, एक शब्दही न बोलता गोळ्या आणून देई. एकदा मात्र त्याच्याकडच्या नव्या पोऱ्याने आत तोंड करून गोळीचे नाव खणखणीत आवाजात विचारले. मागे दोन माणसे उभी होती. त्यांना त्या नावातून काही कळले असेल असे नाही, पण मी त्या दिवशी उरलेले पैसे न घेताच बाहेर पडलो.

दापोलीसारख्या गावात पंचवीस वर्षे महाविद्यालयात शिकवले की निम्मे गाव आपल्याला ‘सर’ म्हणते, आणि सरांना चिंतेचा विकार असू शकतो हे सरांनाच पटत नाही. एखाद्याची थट्टा करायची तर पुण्यात येरवड्याचे नाव निघते, मुंबईकडे ठाण्याचे, आणि आमच्याकडे रत्नागिरीचे. या गावांत राज्य सरकारची मनोरुग्णालये आहेत, तिथे माणसे बरी होतात. आपण मात्र त्या गावांच्या नावांची शिवी करून टाकली.

माझे दुखणे २०१७ साली सुरू झाले. वर्गात शिकवता शिकवता छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे, श्वास पुरेनासा व्हायचा. मला लहानपणापासून दमा. त्यामुळे आधी पंप ओढून पाहिला. मग हृदयाचा संशय आला. तीन वेळा कार्डिओग्राम काढला. तिन्ही वेळा स्वच्छ. शेवटी आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, ‘‘सर, हृदय ठणठणीत आहे. आता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.’’ ओळखीचे कोणी पाहील या भीतीने मी जवळपास कुठे न जाता पुणे निवडले. पहाटेची एस.टी., पाच-सहा तासांचा घाट, दवाखान्यात वीस मिनिटे, आणि रात्री उशिरा परत. दर दोन महिन्यांनी एक किरकोळ रजा. स्टाफरूममध्ये सांगायचे, ‘डोळे दाखवायला जातोय.’ दोन वर्षांत माझ्या डोळ्यांची इतकी चौकशी झाली की सहकाऱ्यांना वाटले असेल, सरांची दृष्टी आता जाणारच!

एवढा खटाटोप किती जण करू शकतील? बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. चिंता, नैराश्य यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांनी त्रासलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असे त्यात दिसले. त्यामागे डॉक्टरांची टंचाई आहे, पैशाची अडचण आहे. पण घाट आणि लाज या दोन गोष्टीही आहेत, हे मी अनुभवाने सांगतो.

मग २०२० उजाडले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि योगायोग असा की, दूरवरून वैद्यकीय सल्ला कसा द्यावा याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच तारखेची आहेत. मला अर्थातच त्यातले काही ठाऊक नव्हते. एप्रिलच्या मध्याला माझ्या गोळ्या संपल्या. चिठ्ठी जुनी झालेली, एस.टी. बंद. ‘राहू दे चार दिवस, आता बरेच बरे वाटते आहे,’ असे मनाशी म्हटले. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेची कळ गेल्यासारखे होऊ लागले. चक्कर, मळमळ, उगीच रडू. मला वाटले, दुखणे दुप्पट होऊन परत आले.

ते दुखणे नव्हतेच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या जातीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या थांबवायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत थांबवाव्या लागतात. एकदम सोडल्या की शरीर असा गोंधळ घालते. अनेक जण याच टप्प्यावर ‘गोळ्यांची सवय लागली’ म्हणून घाबरतात आणि उपचारच सोडून देतात. म्हणून चिठ्ठी वेळेवर नवी होणे ही नुसती कागदाची बाब नाही.

बायकोने पुण्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी अकराला व्हिडिओवर या. मुलाच्या खोलीत, पुस्तकांच्या चळतीला मोबाइल टेकवून मी बसलो. त्यांचा पहिला प्रश्न ‘कसे आहात’ हा नव्हता. त्यांनी विचारले, ‘‘खोलीत आणखी कोण आहे?’’

त्या प्रश्नाचे महत्त्व मला पुढे कळले. दवाखान्यात डॉक्टर दार लावून घेतात. घरी ते दार कोणी लावायचे? आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माणसाला रडायलाही मोरीत जावे लागते. सुनेला डॉक्टर पडद्यावरून विचारणार, ‘घरात काही त्रास आहे का?’ आणि सासूबाई पलीकडे शेंगा सोलत बसलेल्या. ती काय उत्तर देणार? ‘नाही, सगळे छान आहेत.’ आमचे डॉक्टर अशा वेळी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असे प्रश्न विचारतात. घरातल्यांनी अर्धा तास देवळात जाऊन यावे, हा त्यावरचा साधा उपाय. औषधाइतकाच तो उपयोगी आहे.

असो. त्या दिवशी मला मोबाइलवर चिठ्ठी आली, खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही. गोळ्या दुपारी घरात. सहा तासांचा घाट सहा मिनिटांत उतरलो! रजा नाही, डोळ्यांची थाप नाही. तो आनंद मी कमी लेखणार नाही.

पण पुढे दीड महिन्याने, ३ जूनला, ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. माड-पोफळी आडव्या, छपरे उडालेली, वीज गेली ती गेलीच. मोबाइलला रेंज नाही. पडद्यातले डॉक्टर पडद्यासकट नाहीसे झाले. चिठ्ठी मोबाइलमध्ये आणि मोबाइल मुका. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठी कागदावर उतरवून, पंधरा दिवसांच्या जादा गोळ्यांसह डब्यात ठेवण्याची शिस्त आमच्या घरात आहे.

पुढची गोष्ट माझ्या मूर्खपणाची. सोय झाली की माणूस आणखी सोय शोधतो. २०२२ मध्ये डॉक्टर महिनाभर परगावी होते. मुलाने एक ॲप काढून दिले. ‘दहा मिनिटांत चिठ्ठी’ अशी त्याची जाहिरात. नाव, वय, चालू गोळी भरली, पैसे भरले आणि एका तरुण डॉक्टरांचा फोन आला. चेहरा नाही, नुसता आवाज. मी म्हटले, गोळी चालू ठेवायची आहे, आणि अलीकडे वर्गात जरा धडधड होते. ‘‘काळजी नको, धडधडीसाठी एक साधी गोळी जोडून देतो.’’ पुरती चार मिनिटेही झाली नसतील. मी खूश. माणसाला प्रश्न विचारले नाहीत की त्याला वाटते, आपले काम झाले.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. माझ्या त्या विद्यार्थ्याने ती वाचली, एकदा माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचली. मग काउंटरवरून वाकून हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘सर, ही प्रोप्रॅनोलॉल आहे. तुम्ही दम्याचा पंप नेता ना माझ्याकडून? एकदा डॉक्टरांना विचारा. मी आत्ता देत नाही.’’

दमेकऱ्याला ती गोळी सहसा देत नाहीत. तिने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. ॲपवरच्या डॉक्टरांनी दम्याबद्दल विचारले नाही, मी सांगितले नाही. ज्याला माझे गुपित कळू नये म्हणून मी वर्षानुवर्षे रांगेत शेवटी थांबलो, त्याला माझ्याबद्दल दोन गोष्टी एकत्र ठाऊक होत्या म्हणून मी वाचलो.

तेव्हापासून मला वाटते की ऑनलाइन उपचार चांगले की वाईट हा वादच चुकीचा आहे. पडद्यामुळे अंतर कमी होते, ते व्हायलाच हवे. पण अंतराबरोबर ओळखही पुसली जाणार असेल, तर उरते ते किराणा मालाच्या यादीसारखे औषध. सरकारच्या त्या तत्त्वांत याचा विचार झालेला आहे. त्याच डॉक्टरांशी, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत झालेला सल्ला तेवढा ‘पुढचा सल्ला’. मुदत उलटली की पुन्हा पहिल्यापासून चौकशी. पुरेशी माहिती घेतल्याशिवाय औषध लिहायचे नाही. आणि यंत्राच्या बुद्धीने डॉक्टरला मदत करावी, पण स्वतः सल्ला देऊ नये, औषधही लिहू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. नियम आहेत, ते पाळले जातात की नाही हे चार मिनिटांच्या फोनवर कोण पाहणार? मला विचाराल तर, रुग्णाने पाहावे. चौकशी न करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी दुकानात नेऊच नये.

उलट तक्रारही कानावर येते. एका नात्यातल्या काकूंना झोपेसाठी वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम चालू आहे. कुणी सुरू केली हे त्यांनाही आठवत नाही. त्या माझ्यावर रागावल्या : ‘‘तुला फोनवर मिळतात, मला का नाही देत?’’ अल्प्राझोलाम मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखाली येते. त्या तत्त्वांनुसार दूरवरून ती लिहून देता येत नाही. २०१४ पासून दुकानदारालाही तिच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, त्यात रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव लिहून. ही अडवणूक नाही. तिची खरोखरच सवय लागते, आणि वयस्कर माणूस तिच्या गुंगीत रात्री पडतो. काकूंना मी म्हटले, यासाठी गाडीत बसून जाऊ या. अजून त्या तयार नाहीत. पण ‘नको’ म्हणायचे आता त्यांनी थांबवले आहे.

आणखी एक अडचण आहे, जी मला डॉक्टरांनीच सांगितली. पडद्यावर चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. बोटांची थरथर, उतरलेले वजन, चपलांचा आवाज न करता ओढत टाकलेली पावले, हे सारे दवाखान्याच्या दारातच टिपले जाते. थायरॉइड वाढले तरी अशीच धडधड होते, हात थरथरतात. मनाच्या गोळ्यांनी ते कसे थांबावे? म्हणून आता आमची व्यवस्था अशी आहे : घरचे डॉक्टर नाडी, रक्तदाब, वजन पाहतात, सांगितलेल्या रक्ततपासण्या करून घेतात आणि पुण्याला कळवतात. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला दूरवरून विचारावे, ही सोयही त्या तत्त्वांत आहे. वापरतो कोण? गावचा डॉक्टर आणि शहरातला तज्ज्ञ एकमेकांना फोन करतील तर रुग्णाच्या निम्म्या खेपा वाचतील. वर्षातून दोनदा मी पुण्याला स्वतः जातो. आता रजेच्या अर्जावर खरे कारण लिहितो. प्राचार्यांनी त्यावर काहीही न विचारता सही केली. इतकी वर्षे मी उगीच घाबरत होतो की काळच थोडा बदलला, सांगता येत नाही.

ज्यांना पुणेही नको आणि ॲपही नको, त्यांच्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. पहिले वाक्य उच्चारायला ती जागा चांगली आहे. मला २०१७ साली ते वाक्य उच्चारायला सात महिने लागले होते.

गेल्या महिन्यात दुकानात गेलो तेव्हा मागे भिंतीशी एक विशीतला मुलगा जाहिराती वाचत उभा होता. माझा नंबर आला तरी तो पुढे येईना. मी माझ्या गोळीचे नाव नेहमीपेक्षा थोडे मोठ्याने सांगितले, पैसे दिले, उरलेले मोजून घेतले आणि त्याला जागा करून दिली.