एकामागे एक

आमच्या वाशीम जिल्ह्यात खरिपाचे पीक डोलू लागले, की सोयाबीनच्या बांधावर हल्ली एक नवे दृश्य दिसते. शेतकरी आपल्याच पिकासमोर उभा राहून मोबाइलने त्याचा फोटो काढीत असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या 'ई-पीक पाहणी'ची ही करामत. सातबाऱ्यावर पीक चढते ते या फोटोच्या साक्षीने. नोंद राहिली, तर हमीभावाच्या खरेदीत अडचण ठरलेली.

वाचकहो, या साक्षीदाराचा पहिला प्रवास अवघा बोटभर लांबीचा असतो. कॅमेऱ्याच्या डोळ्यापासून फोनच्या मेंदूपर्यंत! पण सामान केवढे! १ कोटी २० लाख टिंबांचे चित्र, दर टिंबाला शून्य-एकाचे १० अंक, म्हणजे १२ कोटी अंक. चलच्चित्रासाठी सेकंदाला अशी ३० चित्रे धरली, तर ३६० कोटी!

पूर्वी हे अंक आठ-दहा तारांवरून जोडीने धावत. समजा, दहा पोरे पाटीवर एकेक अक्षर घेऊन एका रांगेत धावत आहेत. सावकाश धावली, तर शब्द नीट वाचता येतो. वेग वाढला, की कुणी पुढे, कुणी मागे. एका शब्दाचे अक्षर दुसऱ्यात शिरते आणि अर्थाचा अनर्थ होतो. तारांचेही तसेच झाले.

मग उलटाच उपाय निघाला. अक्षरे एकामागे एक सोडा, पण सुसाट! २००३ साली स्थापन झालेल्या 'मिपी अलायन्स' या कंपन्यांच्या संघाने २००५ मध्ये 'सीएसआय-२' नावाचे त्याचे नियम बांधून दिले. वाट एकच न ठेवता दोन किंवा चारही ठेवता येतात. प्रत्येक वाटेला तारांची जोडी असते. एकीवर विजेचा दाब चढला, की दुसरीवर उतरतो. घेणारा फक्त दोहोंतला फरक पाहतो. बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो, म्हणून फरक शाबूत राहतो. त्यामुळे व्होल्टचा पाचवा हिस्सा एवढा हलका चढउतारही पुरतो.

चेकवर आपण रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो ना? तसा चित्राच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक पडताळ्याचा आकडा जोडलेला असतो. ओळीच्या माथ्यावरील पत्त्यात एखादा अंक चुकला, तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो; मजकूर बिघडला, तर निदान कळते.

यंदा आकाशकंदिलाखाली घरच्यांचा फोटो काढाल, तेव्हा या बोटभर वाटेची आठवण ठेवा. भिंगाने पाहिले ते ती इमानाने पोचवते. भिंगासमोर काय धरायचे, ते मात्र अंगणातल्या आणि बांधावरच्या माणसाच्याच हाती!