एम्ब्रेस करा म्हणे!

एचआरच्या मेल्समध्ये हल्ली एक शब्द हमखास सापडतो. एम्ब्रेस. नवीन टूल आलं, एम्ब्रेस करा. टीम फोडून दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, एम्ब्रेस करा. शनिवारी रिलीज आहे? तेही एम्ब्रेसच करा!

आता हा शब्द मुळात आहे मिठीचा. लॅटिनमध्ये 'ब्राकियम' म्हणजे बाहू (आपलं ब्रेसलेट त्याच घराण्यातलं). त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये दोन्ही हातांनी कवेत घेणे असं क्रियापद झालं आणि चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. पुढे माणसांवरून ते धर्म, विचार, संधी यांच्यावर गेलं. अर्थ काय, तर मनापासून स्वीकारणे. यातलं 'मनापासून' महत्त्वाचं. नुसतं स्वीकारायला ॲक्सेप्ट होताच की!

आपल्या धंद्यात हा शब्द रुजवण्यात केंट बेकचा मोठा वाटा. १९९९ साली एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवर त्याचं पुस्तक आलं, उपशीर्षक 'एम्ब्रेस चेंज'. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात आणखी दोन नियम आहेत. ग्राहकाने टीमबरोबर येऊन बसायचं आणि काम आठवड्याला ४० तास. रिक्वायरमेंट बदलली तरी चालेल, पण बदलणारा समोर हवा आणि करणारा ताजातवाना हवा. आपल्या साहेब लोकांनी उपशीर्षक तेवढं उचललं, ४० तास गेले उडत.

मिठीचा दुसराही एक प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टवर १९९८ मध्ये खटला सुरू झाला, त्यात इंटेलच्या एका अधिकाऱ्याने साक्ष दिली की त्यांचं धोरण 'एम्ब्रेस, एक्स्टेंड, एक्स्टिंग्विश' असं सांगितलं गेलं होतं. म्हणजे आधी जवळ घ्या, मग स्वतःची भर घाला आणि शेवटी संपवा. आपल्याकडे याला फार पूर्वीपासून नाव आहे, धृतराष्ट्राची मिठी. भीमाच्या जागी लोखंडी पुतळा होता म्हणून बरं, आपल्याकडे तेवढा बॅकअप नसतो.

माझं म्हणणं एवढंच, की मिठीला दोन माणसं लागतात. एकाने हात पसरायचे आणि दुसऱ्याने खिशात घालून उभं राहायचं, याला मिठी म्हणत नाहीत. बदल हवा असेल तर ठरवण्याआधी आम्हाला विचारा, काम वाढलं तर तारीख पुढे ढकला. हे जमणार नसेल तर सरळ लिहा, "पर्याय नाही, करावं लागेल." करू की! नोकरीच आहे ती. पण वर आनंदाने हात पसरायलाही सांगू नका.